स्वरतंतूंवर गाठ निघाली, आता पुढे काय?

आवाज बसून महिना उलटला. हळदीचं दूध, आल्याचा काढा, लवंग-खडीसाखर सगळं करून झालं. शेवटी ईएनटीच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने घसा बघितला आणि कागदावर लिहून दिलं: व्होकल नोड्युल. किंवा पॉलिप. किंवा सिस्ट. घरी आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, 'कॅन्सर तर नाही ना?' आणि दुसरा, 'ऑपरेशन करावंच लागेल का?'

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नोड्युल, पॉलिप आणि सिस्ट हे कॅन्सर नाहीत, आणि त्यांचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र गाठ कोणती यावर अवलंबून आहे. काही गाठी चाकू न लावता विरतात. काहींसाठी कितीही व्यायाम करा, त्या तसूभर हलत नाहीत. आणि एक प्रकार असा आहे की काढला तरी पुन्हा पुन्हा येतो. मी आवाजाच्या रुग्णांना व्यायाम शिकवण्याचं काम करते. माझ्याकडे येतात त्यातले बरेच जण गाठ कोणती हे न विचारताच घाबरून ऑपरेशनची तारीख घेऊन आलेले असतात, नाहीतर घाबरून वर्षभर काहीच न करता बसलेले असतात. म्हणून हा लेख.

आधी दोन मिनिटं शरीररचना

कंठमण्याच्या मागे, श्वासनलिकेच्या तोंडाशी, दोन स्वरतंतू समोरासमोर असतात. पुरुषांत त्यांची लांबी साधारण पावणेदोन ते अडीच सेंटीमीटर, स्त्रियांत सव्वा ते पावणेदोन. श्वास घेताना ते उघडतात, बोलताना जवळ येतात आणि फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेने थरथरतात. बोलताना पुरुषाचे तंतू सेकंदाला साधारण 100 ते 125 वेळा एकमेकांवर आपटतात, स्त्रीचे 200च्या आसपास, लहान मुलांचे त्याहूनही जास्त. हिशेब करून बघा: एखाद्या बाईंचा सूर एकूण तासभर लागला, तर 7 लाख 20 हजार टकरा. शाळेतल्या बाईंच्या एका दिवसात हा तास सहज भरतो. नोड्युल बायकांत आणि ओरडणाऱ्या मुलग्यांत जास्त का दिसतात, याचं एक कारण या आकड्यात आहे.

तंतूच्या वरच्या पातळ त्वचेखाली एक मऊ, ओलसर थर असतो. आवाजाची लहर या थरावरून धावते. खाली घट्ट अस्थिबंध आणि त्याखाली स्नायू. 1970च्या दशकात मिनोरू हिरानो या जपानी संशोधकाने हे थर नीट मांडून दाखवले, आणि तिथून स्वरतंतूंच्या शस्त्रक्रियेची दिशाच बदलली. मऊ थराला धक्का न लावता गाठ काढायची, हे सूत्र तेव्हा रुजलं. त्याआधी गाठीबरोबर तंतूचं वरचं सालटंच ओढून काढत. गाठ जायची, आवाज कायमचा घोगरा राहायचा. 'आवाजाचं ऑपरेशन नको रे बाबा' ही घराघरांतली भीती त्या काळातली आहे, आणि त्या काळापुरती ती खरीच होती.

पहिली पायरी: किती दिवस वाट बघायची

सर्दी-खोकल्याबरोबर बसलेला आवाज बहुतेकदा दोन आठवड्यांत सुटतो. चार आठवडे झाले तरी आवाज घोगराच असेल तर स्वरयंत्र आतून बघून घ्यायला हवं, असं अमेरिकेतल्या ईएनटी तज्ज्ञांच्या संघटनेच्या 2018च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे तंबाखू, मशेरी, बिडी आणि गुटखा यांचं प्रमाण बघता चार आठवडे ही मर्यादा मी ढिली करणार नाही.

काही लक्षणं असतील तर चार आठवडेही थांबायचं नाही. श्वास घेताना घसा वाजणं किंवा दम लागणं, थुंकीत रक्त, गिळताना दुखणं, मानेत गाठ लागणं, एका बाजूचा कान विनाकारण ठणकणं, वजन उतरणं. थायरॉइडच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर, किंवा व्हेंटिलेटरवरून उतरल्यावर आवाज बदलला असेल तरीही लगेच. आणि तंबाखू-सिगारेट चालू असलेल्या माणसाने तर सरळ त्याच आठवड्यात तपासून घ्यावं. कारण गाठ साधी आहे की नाही, हे आवाज ऐकून कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

या मधल्या काळात दोन गोष्टी हमखास होतात आणि दोन्ही टाळायला हव्यात. एक, औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून खाणं. बसलेल्या आवाजाचं कारण बहुतेक वेळा विषाणू किंवा अतिवापर असतं, तिथे त्याचा काहीच उपयोग नाही. दुसरी, घसा न बघताच 'पित्तामुळे असेल' म्हणून महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या.

घरी एक साधी चाचणी करता येते. खोल श्वास घेऊन एका दमात 'स्‌स्‌स्‌' जितका वेळ लांबवता येईल तितका लांबवा आणि मोबाइलवर वेळ मोजा. मग तसाच श्वास घेऊन 'झरा'मधला 'झ्‌' लांबवा. पहिल्यात फक्त हवा जाते, दुसऱ्यात तंतू थरथरतात. दोन्ही वेळा साधारण सारख्या यायला हव्यात. 'स्‌' जर 'झ्‌'च्या दीडपटीच्या आसपास चालत असेल, तर तंतू नीट मिटत नाहीत असा संशय घ्यायला जागा आहे. यावरून निदान होत नाही, डॉक्टरकडे जाण्याचं निमित्त मात्र मिळतं.

दुसरी पायरी: तपासणी

1854 मध्ये मॅन्युएल गार्सिया या गायन शिकवणाऱ्या गुरूने दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला आणि सूर्यप्रकाशाचा कवडसा त्यावर पाडून स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. गाण्याच्या शिक्षकाने ही वाट उघडली याचं मला फार कौतुक आहे.

आज आरशाच्या जागी दुर्बीण आहे, आणि ती दोन प्रकारची असते. एक ताठ नळी, तोंडातून आत घालायची. डॉक्टर कापसाच्या गॉझने तुमची जीभ धरून बाहेर ओढतात आणि 'ईऽऽ' म्हणायला लावतात. जीभ बाहेर असताना ती 'ई' विचित्रच येते, लाजू नका. दुसरी मऊ, नाकातून जाणारी. आधी नाकात आणि घशात बधिर करणारा फवारा मारतात. तो कडू लागतो, आणि थोडा वेळ आपल्याला गिळताच येत नाही असं वाटतं. ती भावना अर्ध्या तासात जाते, तोवर काही खायचं-प्यायचं नाही. पोटभर जेवून जाऊ नका, उमासे येतात.

साध्या दुर्बिणीत गाठ दिसते, पण तंतूंची थरथर दिसत नाही, ती डोळ्याला पकडता न येण्याइतकी वेगाने होते. त्यासाठी स्ट्रोबोस्कोपी लागते. त्यात उघडमीट करणाऱ्या प्रकाशामुळे थरथर संथ झालेली दिसते. नोड्युल असेल तर तंतूवरची लहर बऱ्यापैकी चालू राहते. आत सिस्ट दडलेली असेल तर त्या जागी लहर अडते. हा फरक उपचार ठरवतो. म्हणून 'स्ट्रोबोस्कोपी झाली का?' हा प्रश्न विचारायला संकोचू नका. व्हिडिओची कॉपी पेन ड्राइव्हवर मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं, किंवा तीन महिन्यांनी फरक पडला का बघायचं झालं, तर तुलनेला तीच उपयोगी पडते. सीटी स्कॅनची घाई नको, आधी डोळ्यांनी बघणं महत्त्वाचं.

तिसरी पायरी: गाठ कोणती ते नेमकं कळून घ्या

नोड्युल. दोन्ही तंतूंवर, समोरासमोर, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो तिथे. सगळ्यात जास्त आपटणारी जागा तीच. कुदळ धरून तळहाताला घट्टा पडतो तसं हे आहे, आणि घट्ट्यासारखंच, घासणं थांबलं की ते उतरतं. शिक्षिका, कीर्तनकार, भाजीवाल्या, कोचिंग क्लासवाले, गाणारे हे नेहमीचे रुग्ण. इथे पहिला उपचार व्हॉइस थेरपी, म्हणजे आवाज नीट वापरायला शिकवणारे व्यायाम. नोड्युल आहेत म्हणून थेरपी न करताच कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसरं मत घ्या, इतकं मी ठामपणे सांगेन. ताज्या, मऊ नोड्युलचा अंदाज चांगला असतो. वर्षानुवर्षांच्या कडक झालेल्या गाठींना क्वचित शस्त्रक्रिया लागते, पण तीही थेरपीनंतर.

पॉलिप. बहुतेकदा एकाच तंतूवर, कधी देठाने लोंबणारा, कधी रक्ताने लाल झालेला. याची कहाणी रुग्ण तारखेसकट सांगतात: विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशाच्या वर आवाज काढला, दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडातून शब्द नाही. जोरात ओरडताना तंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटते आणि त्या जागी पुढे पॉलिप तयार होतो. असा आवाज अचानक गेला तर पूर्ण मौन पाळा आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. छोटे, ताजे पॉलिप थेरपीने आणि विश्रांतीने विरू शकतात. मोठ्यांना बहुतेकदा शस्त्रक्रिया लागते, आणि निकाल सहसा छान येतो. गायिका ॲडेलचं 2011च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनला पॉलिपमुळे झालेल्या रक्तस्रावासाठी ऑपरेशन झालं आणि पुढच्या फेब्रुवारीत ती ग्रॅमीच्या मंचावर गात होती. दुसरी बाजूही लपवायला नको. 1997 मधल्या स्वरतंतूंच्या ऑपरेशननंतर ब्रिटिश गायिका-अभिनेत्री ज्यूली अँड्रूज यांचा गाण्याचा आवाज परत आला नाही. ज्याचं पोट आवाजावर चालतं त्याने ही दोन्ही उदाहरणं लक्षात ठेवून सर्जन निवडावा.

सिस्ट. त्वचेखाली दडलेली बंद पिशवी. कधी ग्रंथीचं तोंड बुजल्याने होते, कधी त्वचेच्या पेशी आत अडकल्याने. ही थेरपीने जात नाही. पण ती बऱ्याचदा नोड्युलसारखीच दिसते, कारण समोरच्या तंतूवर तिच्या घासण्याने सूज आलेली असते. 'तीन महिने व्यायाम केले, समोरची सूज उतरली, इकडची गाठ तशीच' असं दिसलं की सिस्ट समजावी. ते तीन महिने वाया गेले असं अजिबात नाही. निदान त्यातूनच झालं, आणि ऑपरेशननंतर आवाज कसा वापरायचा हेही शिकून झालं.

राइंके एडिमा. गाठ म्हणण्यापेक्षा सबंध तंतू सुजून पाणी भरल्यासारखा होतो. जवळजवळ नेहमीच वर्षानुवर्षांचं धूम्रपान. बाईंना फोनवर 'साहेब' म्हणतात, इतका आवाज जाड होतो. थायरॉइड तपासून घ्यावा, कारण तो कमी असला तरी असंच होऊ शकतं. सिगारेट-बिडी सुटल्याशिवाय ऑपरेशनला अर्थ नाही, सूज परत येते. आणि धूम्रपान आहे म्हणजे शेजारी पांढरा चट्टा वगैरे नाही ना, हे डॉक्टरांनी बारकाईने बघायला हवं.

ग्रॅन्युलोमा. हा मागच्या बाजूला, कूर्चेवर येतो. ऑपरेशनच्या वेळी घातलेली श्वासाची नळी, घशापर्यंत येणारं आम्ल, आणि सतत 'अं-हं' करून घसा खाकरण्याची सवय ही याची कारणं. याला कापायला धावू नये, कापला तरी त्याच जागी परत येतो. आम्लावरची औषधं, थेरपी, खाकरणं बंद. नळीमुळे झालेला तर काही महिन्यांत बऱ्याचदा आपोआप गळून जातो. हट्टी असेल तर बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन तंतूंची टक्कर काही काळ सौम्य करतात. श्वास अडत असेल किंवा निदानाबद्दल शंका असेल तेव्हा मात्र काढून तपासावा लागतो.

उरला पॅपिलोमा. त्याची गोष्ट वेगळी आहे, पुढे सांगते.

चौथी पायरी: व्हॉइस थेरपीत नेमकं काय करतात

'बोलायचं कसं ते आता शिकायचं?' असं विचारणाऱ्यांचा राग येत नाही, कारण पहिल्या दिवशी ते हास्यास्पदच वाटतं. साधारण आठवड्याला एक बैठक, अशा सहा ते आठ बैठका, आणि रोज घरी सराव. डिग्री बघून घ्या: स्पीच थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो विचारता येतो.

पहिला व्यायाम बहुतेकदा स्ट्रॉचा. पेल्यात निम्मं पाणी घ्या, स्ट्रॉ दोन-तीन सेंटीमीटर बुडवा, ओठ स्ट्रॉभोवती सैल पण बंद. आता तिच्यातून 'ऊऽऽ' असा सूर काढा, फुंकर नाही, सूर. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. ते मधेच थांबले तर हवा तुटते आहे, पाणी उसळून बाहेर आलं तर जोर जास्त आहे. ओठांवर आणि नाकाच्या बाजूला गुदगुल्यांसारखी थरथर जाणवली पाहिजे, घशात काहीच जाणवता कामा नये. जमलं की त्याच 'ऊ'वर सूर खालून वर, वरून खाली न्यायचा. एक-दोन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. स्ट्रॉमुळे तोंडात जो उलटा दाब तयार होतो, त्याने तंतू फार जोरात न आपटता थरथरतात, म्हणून सुजलेल्या तंतूंनाही हा चालतो. यानंतर गुंजन, मग 'म'ने सुरू होणारे शब्द, मग वाक्यं, मग वर्गात बोलणं. शेवटच्या पायरीवरच बरेच जण गळतात. खोलीत आवाज छान लागतो आणि साठ पोरांसमोर जुनीच सवय वर येते.

म्हणून वर्गाची व्यवस्थाही बदलावी लागते. गोंगाटावर ओरडायचं नाही. टाळी, घंटा किंवा फळ्यावर टकटक करून शांतता मिळवायची आणि मग बोलायचं. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. शक्य असेल तर कमरेला लावायचा छोटा माइक घ्या. 2002 मध्ये अमेरिकेत शिक्षकांवर झालेल्या एका अभ्यासात नुसत्या सूचना मिळालेल्या गटापेक्षा माइक वापरणाऱ्या गटाला स्पष्ट फायदा दिसला. काही बाई म्हणतात, माइक लावला की मुलं हसतात. हसू द्या, आठवड्यात सवय होते.

गाणाऱ्यांसाठी: तंतू सुजलेले असताना पहाटेची खर्जाची मेहनत आणि तार सप्तकातली घाई दोन्ही बंद. पट्टी आपल्या गळ्याची, पेटीवाल्याच्या सोयीची नाही. भजनी मंडळात सगळ्यांनी एकाच पट्टीत गायचं म्हणून कितीतरी बायका रोज गळा ताणतात. अर्धा सूर खाली घ्या म्हणून सांगायला लाज कसली?

कुजबुजू नका. अनेकांना वाटतं कुजबुजण्याने घशाला आराम मिळतो, पण जोर लावून केलेल्या कुजबुजीत ताण वाढतो. हळू, पण सुरात बोला. खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्या, किंवा नुसतं गिळा.

घरगुती उपायांबद्दल थोडकं. आपण जे खातो-पितो ते स्वरतंतूंवरून जात नाही, गिळताना स्वरयंत्र झाकलं जातं आणि अन्न मागून अन्ननलिकेत उतरतं. गुळण्याही तिथवर पोचत नाहीत. जेष्ठमध, खडीसाखर यांनी घशाला बरं वाटतं, लाळ सुटते, त्यात वावगं काही नाही, पण गाठ त्याने विरणार नाही. साध्या पाण्याची वाफ मात्र थेट तंतूंपर्यंत जाते. त्यात बाम वगैरे टाकू नका, झोंबतं आणि कोरडं पडतं. दिवसभर थोडं थोडं पाणी प्या. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेत असाल तर घेतल्यावर दर वेळी चूळ भरा, पण पंप बंद करू नका.

पाचवी पायरी: ऑपरेशन ठरलं तर

ऑपरेशन ठरवण्याआधी सर्जनला विचारायचे माझे आवडते प्रश्न: गाठ कोणती वाटते आणि कशावरून? थेरपीने जाण्याची शक्यता किती? न काढल्यास काय होईल? तुम्ही अशी किती ऑपरेशनं करता? नंतरच्या थेरपीची सोय कुठे? साध्या गाठीत 'न काढल्यास काय' याचं उत्तर पुष्कळदा 'आवाज असाच राहील' इतकंच असतं. ज्या आजोबांना त्या आवाजाचा काही त्रास नाही, आणि निदानाबद्दल शंका नाही, त्यांनी ऑपरेशन नको म्हटलं तर तो शहाणपणाचा निर्णय असू शकतो.

शस्त्रक्रियेचं नाव मायक्रोलॅरिंजियल सर्जरी, रुग्णालयात नुसतं 'एमएलएस' म्हणतात. पूर्ण भूल देतात. बाहेरून टाका नाही, चीर नाही. तोंडातून धातूची नळी घालून ती आधाराने स्थिर ठेवतात, वर सूक्ष्मदर्शक, त्याची भिंग 400 मिलिमीटर अंतरावरून बघणारी, आणि पाऊण फूट लांबीची, टोकाला मिलिमीटरभर पात्याची हत्यारं. सिस्टसाठी वरच्या त्वचेला बारीक छेद देऊन ती उचलतात, आतली पिशवी सोडवतात आणि त्वचा परत जागेवर ठेवतात. बहुतेक वेळा अर्ध्या-एक तासात आटोपतं, पुष्कळांना त्याच दिवशी घरी सोडतात. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला जायलाच हवा. रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय फाइल बंद करू नका.

धोके? दाताला इजा होऊ शकते. हलणारे दात, कॅप, ब्रिज असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. जिभेवर नळीचा दाब पडल्याने काही दिवस बधिरपणा किंवा चवीत फरक. आणि खरा धोका, तंतूवर व्रण राहून आवाज कडक होणं. तो कमी असतो, शून्य नसतो.

नंतरचं मौन हा घराघरांत गोंधळाचा विषय. किती दिवस, यावर सर्जनांत एकमत नाही, साधारण तीन ते सात दिवस सांगतात. जपानमध्ये 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन दिवस मौन आणि नंतर थेरपी असलेल्या गटाचा आवाज सात दिवस मौन पाळणाऱ्यांपेक्षा चांगला भरून आला. तुमच्या सर्जनने सांगितलेले दिवस पाळा, पण 'महिनाभर बोललो नाही' हा अभिमानाचा मुद्दा करू नका. मौन म्हणजे मौन: कुजबुज नाही, फोनवर हुंकार नाही. व्हॉट्सॲपवर लिहा, पाटी ठेवा, शेजारच्या काकूंना घरच्यांनी आधीच सांगून ठेवावं. मग पहिल्या दिवशी पाच मिनिटं, हळूहळू वाढवत. आवाज स्थिरावायला सहा ते बारा आठवडे जातात. गाणाऱ्यांनी तीन महिने मैफल घेऊ नये. लग्नसराईच्या किंवा परीक्षांच्या तोंडावर तारीख घेऊ नका, उन्हाळ्याची सुट्टी शिक्षकांना सगळ्यात सोयीची.

लहान मुलं

क्रिकेटच्या मैदानावर ओरडणारा आठ वर्षांचा मुलगा आणि घोगरा आवाज, म्हणजे बहुधा नोड्युल. ऑपरेशन जवळजवळ कधीच नाही. घरातल्या सगळ्यांनी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाका मारणं बंद केलं की निम्मं काम होतं, आणि वयात येताना स्वरयंत्र वाढतं तेव्हा बऱ्याच मुलांच्या गाठी जातात. मात्र दोन-चार वर्षांच्या मुलाचा आवाज दिवसेंदिवस बसत चालला असेल आणि श्वास वाजत असेल, तर 'बालदमा' म्हणून पंप देत राहण्याआधी स्वरयंत्र बघाच. तो पॅपिलोमा असू शकतो.

पॅपिलोमा, जो परत येतो

हा एचपीव्ही विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे होतो. स्वरतंतूंवर द्राक्षाच्या घोसासारखे बारीक मांसल कोंब येतात. लहान मुलांना तो बहुतेकदा जन्माच्या वेळी आईकडून मिळतो, पण आईला संसर्ग असला तरी बाळाला हा आजार होणं दुर्मीळ आहे, तेवढ्यासाठी सिझेरियन करत नाहीत. मोठ्या माणसांतही होतो, विशेषतः विशी ते चाळिशीत.

पॅपिलोमाच्या घरच्यांना मी आधीच सांगते: ही एका ऑपरेशनची गोष्ट नाही. मायक्रोडिब्राइडर नावाच्या यंत्राने किंवा लेझरने कोंब काढतात, श्वासाची वाट मोकळी होते, आणि काही आठवड्यांत, महिन्यांत किंवा वर्षांनी ते परत येतात. विषाणू शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही असतो, म्हणून. दर वेळी सगळं मुळासकट खरवडायचा हट्ट सर्जन करत नाहीत, कारण तसं केल्यास तंतू एकमेकांना चिकटतात. काही रुग्णांत आजार पुढे शांत होतो. कॅन्सरचं प्रमाण थोडं आहे, पण आहे, म्हणून दर वेळी तुकडा तपासायचा.

उपचार बदलत आहेत. वारंवार ऑपरेशन लागणाऱ्यांना बेव्हासिझुमॅब हे औषध कोंबांत किंवा शिरेतून देतात, त्याने दोन ऑपरेशनांतलं अंतर बरंच वाढू शकतं. ऑगस्ट 2025 मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने प्रौढांतल्या पॅपिलोमासाठी रोगप्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या पहिल्या औषधाला मान्यता दिली. आणि लस. ऑस्ट्रेलियात 2007 पासून मुलींना 6 आणि 11 प्रकारही सामावणारी लस दिली गेली, आणि तिथे मुलांतला हा आजार झपाट्याने घटला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 2023 पासून मिळणारी सर्वाव्हॅक ही लस एचपीव्हीच्या चार प्रकारांवर आहे: 6, 11, 16, 18. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस म्हणून मुलीला देताना कोणते प्रकार त्यात आहेत ते विचारा, फक्त 16 आणि 18ची लस पॅपिलोमाला उपयोगी नाही.

कुठे जायचं, काय बरोबर न्यायचं

मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ, इथे स्पीच थेरपिस्ट घडवणारे विभाग आहेत. तिथे थेरपी खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होते. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या ईएनटी विभागापासून सुरुवात करा. गावी राहणाऱ्यांनी पहिली बैठक समोरासमोर घ्यावी, पुढच्या व्हिडिओ कॉलवर चालतात. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. खासगी विमा असेल तर डे-केअरचा नियम आधी वाचा.

मोबाइलवर आजच एक रेकॉर्डिंग करून ठेवा: वर्तमानपत्रातला एक परिच्छेद, रोजच्या आवाजात. दर रविवारी तोच परिच्छेद, त्याच खोलीत, फोन तेवढ्याच अंतरावर. आपला आवाज सुधारला की नाही हे रोज ऐकणाऱ्या घरच्यांना कळत नाही, या रेकॉर्डिंगवरून कळतं, आणि थेरपिस्टलाही ते फार कामाला येतं.

बरं झाल्यावर साधी सर्दी झाली तरी आवाज थोडा बसतो आणि 'परत आली' म्हणून पोटात गोळा येतो. दोन आठवडे स्ट्रॉचा व्यायाम, कमी बोलणं, वाफ. तरी नाही सुटला तर पेन ड्राइव्हवरचा जुना व्हिडिओ घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा.